वाडीची गोष्ट बातमीदारापर्यंत कशी पोहोचवावी?




मंडळ्यांच्या भेटीला गेले की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "ताई, आपले काम एवढे चालते, मग ते पेपरात का येत नाही?" पूर्वी मी हसून वेळ मारून नेत असे. आता मात्र उत्तर द्यावेसे वाटते, कारण गेल्या काही वर्षांत महाड-पोलादपूरच्या वाड्यांवरची गोष्ट पेपरापर्यंत नेण्याचा थोडा अनुभव माझ्या गाठीला आहे. त्यात चुका जास्त आहेत. त्याच आधी सांगते, म्हणजे तुमच्या तालुक्यात तुम्हाला त्या कराव्या लागणार नाहीत.

तळीयेहून परतताना

२२ जुलै २०२१, गुरुवार. महाड शहर पुराच्या पाण्यात होते. वर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि सावित्री तिथूनच निघून पोलादपूरवरून महाडला येते. त्याच दिवशी तळीये गावच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला. रस्ते पाण्याखाली, वीज गेलेली, फोन बंद. मदतपथके पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींखाली माणसे गेली.

पाणी ओसरल्यावर आम्ही टेम्पोत चादरी, तांदूळ आणि मेणबत्त्या घालून तळीयेच्या बाजूला गेलो. वाटेत वाहिन्यांच्या गाड्या एकामागे एक उभ्या होत्या. २४ तारखेला मुख्यमंत्री येऊन गेले होते, पाठोपाठ इतर नेतेही आले. म्हाडा घरे बांधून देणार असे जाहीर झाले होते. एवढ्या मोठ्या दुःखाकडे सगळ्यांचे लक्ष जावे हे योग्यच होते.

परतताना नदीकाठच्या एका कातकरी वाडीवर थांबलो. पाच-सहा झोपड्या पुरात गेल्या होत्या. भांडी, कोंबड्या, रेशनकार्डे सगळे वाहून गेले होते. माणसे बांधावर प्लॅस्टिकचा कागद ताणून बसली होती. तिथली एक आजी मला म्हणाली, "आमच्यातला कोन मेला नाय ना बाय, म्हनून कोन येत नाय." ती तक्रारही करत नव्हती. पाऊस पडतो, पाणी येते, तसेच हेही, असा तिचा सूर होता.

ते वाक्य मला घरी येऊनही सोडेना. माणूस गेला की बातमी आपण होऊन धावत येते. माणूस जिवंत असताना ती हवी असेल तर कोणीतरी जाऊन तिला बोलावून आणावे लागते. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे, आणि ते बोलावणे कसे करावे तेही.

माझी पहिली प्रेसनोट

त्याच महिन्यात मी प्रेसनोट लिहिली. दोन पाने. वर मिशनचे पूर्ण नाव, मग किती चादरी वाटल्या, कोणत्या मान्यवरांच्या हस्ते वाटल्या, प्रास्ताविक कोणी केले, आभार कोणी मानले. सोबत फोटो, त्यात आम्ही आठजण ओळीने उभे आणि मध्ये एक कातकरी बाई चादर घेऊन खाली मान घालून. ही नोट मी सात-आठ पत्रकारांना पाठवली. कुठेही एक ओळसुद्धा आली नाही. मला राग आला. आपले मिशन आहे म्हणूनच छापत नाहीत, असेही मनात येऊन गेले.

शेवटी तालुक्याच्या ठिकाणी एका जुन्या वार्ताहरांना भेटले. त्यांचे झेरॉक्सचे दुकान आहे, त्या काउंटरवरच ते बातम्या लिहितात. त्यांनी माझी नोट वाचली, चहा मागवला आणि विचारले, "मॅडम, यात बातमी कुठे आहे?"

मी म्हटले, "सर, आम्ही दीडशे चादरी वाटल्या."

"त्या आठवड्यात महाडात चादरी वाटणाऱ्या पन्नास संस्था होत्या. चादर लागलीच का, ते सांगा. ज्याला लागली तो कुठे राहत होता, आता कुठे राहतोय, पंचनामा झाला का, झाला नसेल तर का नाही?"

मी गप्प झाले. पंचनाम्याची चौकशी आम्ही केलीच नव्हती. मग कळले की झोपड्या दुसऱ्याच्या जागेत होत्या, घर नावावर नव्हते आणि त्यामुळे नुकसानीच्या कागदावर काय लिहायचे यावर सगळे अडून होते. बातमी ती होती. मी मात्र चादरींची गणती पाठवत होते.

आपल्याकडे बातमी चालते कशी

बहुतेक तालुका वार्ताहर हे पगारी नोकर नसतात. तुटपुंजे मानधन असते, जाहिराती मिळवल्या तर त्यावर कमिशन. दिवाळी अंक, वर्धापनदिन आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांवर त्यांचे घर चालते. पेट्रोल बहुधा स्वतःच्या खिशातून. अशा माणसाला "एकदा वाडीवर येऊन बघा हो" एवढेच सांगितले, तर त्याने अर्धा दिवस आणि शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल कशाच्या भरवशावर घालवावे?

त्याने लिहिलेली बातमी जिल्ह्याच्या कार्यालयात जाते. तिथला उपसंपादक ती कापतो, मथळा देतो आणि जिल्ह्याच्या पानावर बसवतो. मुंबईच्या अंकात जायची तर आणखी एक चाळण. उपसंपादकाने तुमची वाडी कधी पाहिलेली नसते. त्याच्या हातात पहिल्या दोन ओळी असतात, आणि संध्याकाळ झाली की वेळही नसतो. म्हणून पहिल्या दोन ओळींत गाव, माणसे आणि अडचण यायला हवी. मिशनचा इतिहास तिथे कामाचा नाही.

दुसरी गोष्ट, विषय वेगळा आणि बातमी वेगळी. "कातकरी समाजाची दुरवस्था" हा विषय आहे. तो खराच आहे. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन जमातींना सरकारनेच विशेष असुरक्षित आदिवासी गटात धरले आहे, आणि १५ नोव्हेंबर २०२३ रोजी अशा गटांसाठी पंतप्रधान जनमन ही योजना सुरू झाली. पण विषय छापला जात नाही. छापले जाते ते एखादे उदाहरण. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारतात. ज्या घरातले आजोबा दर दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर जात होते आणि पावसाच्या तोंडावर परत येत होते, त्या घराने १९५० सालचा कागद कुठून आणावा? अशा एका घरातली मुलगी दहावी झाली आणि दाखल्यावाचून पुढच्या प्रवेशाला अडली, तर ती बातमी आहे. वाचणाऱ्याला त्या एका मुलीमुळे सगळा विषय कळतो.

पत्रकार पी. साईनाथ यांनी देशातल्या अति गरीब जिल्ह्यांत फिरून लिहिलेले वृत्तलेख मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना' या पुस्तकात आहेत. वर्तमानपत्रे घटना छापतात, पण गरिबी ही घटना नसून वर्षानुवर्षे चालणारी प्रक्रिया आहे, हे ते सांगत आले आहेत. आपल्यासारख्यांचे काम त्या दोहोंच्या मधले आहे. वर्षानुवर्षे चाललेल्या गोष्टीतली आज घडलेली घटना ओळखायची आणि ती बातमीदाराच्या हाती द्यायची.

ज्या गावाला एसटी जात नाही

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गेले. १५१ माणसे गेली, त्यात बहुसंख्य महादेव कोळी. बाहेरच्या जगाला ते कळले एका एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीला तो आला आणि गाव जागेवर दिसेना. विचार करा, त्या गावाला एसटी जात नसती तर?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. ठाकर समाजाची वाडी, गाडीरस्ता नाही, पायवाटेने चढून जायचे. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. दरडीचा धोका असलेल्या ठिकाणांच्या यादीत ती वाडी नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. म्हणजे यादीत नाव यायलासुद्धा कोणीतरी आधी बोलावे लागते.

आमच्या महाड तालुक्याला हे नवे नाही. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या होत्या. त्याच दिवसांत, २६ जुलैला, मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आजही '२६ जुलै' म्हटले की राज्याला मुंबईचा पूर आठवतो. जुई आणि दासगाव आठवतात ती आम्हा महाडकरांना.

भेगेची बातमी

तळीयेनंतरच्या पुढच्या पावसाळ्याआधी पोलादपूरच्या बाजूच्या एका कातकरी वाडीतली माणसे मला म्हणाली, की वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग गेली आहे आणि झऱ्याचे पाणी गढूळ येते आहे. वाडी एकवीस घरांची. डोंगरउतारावर नवी भेग पडणे, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नवीन जागी पाणी फुटणे, ही धोक्याची लक्षणे मानतात. वाडीतल्या पोरांनी दोन अर्ज दिले होते. उत्तर आले नव्हते.

या वेळी मी प्रेसनोट लिहिली नाही. झेरॉक्सवाल्या वार्ताहरांनी सांगितले होते तसे केले. दोन्ही अर्जांच्या पोच-प्रती घेतल्या, त्यावरचे शिक्के आणि तारखा दिसतील असे फोटो काढले. भेगेचा फोटो काढताना तिच्यावर एक कोयता आडवा ठेवला, म्हणजे रुंदी कळेल. वरून वाडी दिसेल असा दुसरा फोटो घेतला. कोण बोलायला तयार आहे ते विचारले. मग त्यांना हा निरोप पाठवला:

"सर, नमस्कार. पोलादपूर तालुक्यातल्या अमुक वाडीच्या वर जमिनीला भेग पडली आहे. खाली २१ घरे आहेत. वाडीने अमुक तारखेला व अमुक तारखेला अर्ज दिले, पोच सोबत. अजून पाहणी झालेली नाही. पाऊस दहा-बारा दिवसांवर आहे. वाडीतले दोघे बोलायला तयार आहेत. बुधवारी सकाळी आठला मी स्टँडवर थांबते, आपल्यासोबत चालत येईन. चढ पाऊण तासाचा आहे."

एवढेच. ते बुधवारी आले. आल्यावर भेग स्वतः पाहिली, अर्जांचे पुढे काय झाले ते कार्यालयात फोन करून विचारले आणि त्यांचे म्हणणेही घेतले. शुक्रवारी जिल्ह्याच्या पानावर दोन कॉलम बातमी आली. मिशनचे नाव त्यात कुठेच नव्हते. सोमवारी पाहणी झाली. पावसाळाभर वाडीतल्या घरांना रात्री खालच्या शाळेत झोपायला जायचे ठरले.

त्या वर्षी तो डोंगर कोसळला नाही. अजूनही कोसळलेला नाही. कोणी म्हणेल, मग बातमीचा उपयोग काय झाला? मी म्हणते, एकवीस घरे चार महिने रात्री निर्धास्त झोपली. याचा फोटो निघत नाही आणि याची बातमीही होत नाही, पण मला यापेक्षा जास्त काही नको होते.

आणि माझी चूक

इथे लेख संपवला असता तर बरे वाटले असते, पण पुढचे सांगणे भाग आहे. बातमीसोबत छापलेल्या फोटोत वाडीतल्या एका बाईचा चेहरा स्पष्ट होता. तिने मला आधीच सांगितले होते, "माजा नाव-फोटू नको, जागा दुसऱ्याची हाय." मी नाव दिले नाही. पण आमच्या कार्यकर्त्याने काढलेले सगळेच फोटो मी घाईत एकदम पाठवले, त्यात तो गेला. वार्ताहरांचा यात काही दोष नव्हता. मी त्यांना सांगितलेच नव्हते.

ज्याच्या जागेत वाडी आहे तो माणूस दुसऱ्या दिवशी येऊन तिला म्हणाला, "पेपरात फोटो देतेस, उद्या जागेवर हक्क सांगशील." पाऊस संपल्यावर घर उचला, असेही म्हणाला. दोन महिने ती बाई माझ्याशी बोलली नाही. गावातल्या मोठ्या माणसांनी मध्ये पडून ते प्रकरण थांबवले आणि घर राहिले. पण ते माझ्यामुळे राहिले असे मी म्हणू शकत नाही. माझ्यामुळे ते जायची वेळ आली होती.

तेव्हापासून एक नियम पाळते. बातमी छापून आल्यावर आपण घरी जातो. वाडीतली माणसे तिथेच राहतात, त्याच शेजाऱ्यांत, त्याच जागामालकाजवळ आणि त्याच मुकादमाच्या उचलीखाली. म्हणून बातमीदाराला फोन करण्याआधी वाडीत बसायचे. बातमी आल्यावर कोणाला राग येईल, तो काय करू शकेल, कोणाचे नाव चालेल, कोणाचा चेहरा चालणार नाही, हे एकेकाला विचारायचे. वाडी नको म्हणाली तर बातमी नाही.

महाडचाच एक धडा

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर पंधरवड्यातच, ३ एप्रिलला, त्यांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले, याकडे आपले लक्ष कमी जाते. त्याआधी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. दुसऱ्याच्या पेपरात जागा नसेल तर आपला पेपर काढावा लागतो, हे त्यांनी ओळखले.

मराठी ख्रिस्ती समाजालाही याची जुनी ओळख आहे. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरला निघाला, बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'नंतर अवघ्या दहा वर्षांनी. आपले हे त्रैमासिकही त्याच वाटेवरचे एक लहान पाऊल. पण त्याची मर्यादा आपण ओळखली पाहिजे. हा अंक तुमच्याकडे येतो, आणि तुम्हाला वाड्या आधीच ठाऊक आहेत. तहसील कार्यालयात सकाळी टेबलावर पडतो तो जिल्ह्याचा पेपर. म्हणून दोन्ही हवेत.

करायचे काय? थोडक्यात

१. तालुक्यातले तीन-चार बातमीदार कोण, ते आजच माहीत करून घ्या. काम नसताना भेटा. काय लिहितात ते वाचा. पाण्यावर लिहिणारा वेगळा असतो, शाळांवर लिहिणारा वेगळा.

२. एका वेळी एकच गोष्ट सांगा. दाखला, पाणी, रस्ता आणि वीटभट्टी एकाच निरोपात घातली तर एकही छापली जात नाही.

३. कागद जोडा. अर्ज दिला नसेल तर आधी अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली पोच घ्या, मग बातमी. पोच नसेल तर "आमच्याकडे तक्रारच नाही" हे उत्तर ठरलेले असते.

४. जे स्वतः पाहिले आणि जे ऐकले ते वेगळे सांगा. आकडा फुगवू नका. "शेकडो कुटुंबे" असे लिहिले आणि बातमीदाराला वाडीत एकवीस घरे दिसली, तर तो पुन्हा तुमचा फोन घेणार नाही.

५. वेळ ओळखा. दरडीची गोष्ट मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये, पाण्याची मार्चपासून. वीटभट्टीला निघालेल्या मुलांच्या शाळेची गोष्ट दिवाळीनंतर लगेच. ९ ऑगस्टचा आदिवासी दिन आणि १५ नोव्हेंबरची बिरसा मुंडा जयंती या दिवसांसाठी संपादक विषय शोधत असतात. २२ जुलै जवळ आला की तळीयेच्या पुनर्वसनाच्या बातम्या येतात, कारण कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत राहिलेल्या तिथल्या कुटुंबांची गोष्ट डोंगर कोसळला त्या दिवशी संपलेली नव्हती. आपल्या वाडीचा पाठपुरावाही असाच तारखेला धरून करा.

६. मुलांची ओळख सांभाळा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अत्याचार झालेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, फोटो प्रसिद्ध करता येत नाही. आपण ते पाठवूही नये. बातमीदाराने सोडून दिले असते, असे नंतर म्हणण्यात अर्थ नाही.

७. पाकीट देऊ नका. चहा द्या, सोबत चाला, वाट दाखवा. आणि "छापण्याआधी मला वाचायला द्या" असे म्हणू नका. बातमीत चूक झाली तर शांतपणे फोन करून नेमकी चूक सांगा.

८. दुसऱ्या बाजूलाही बोलू द्या. अधिकाऱ्यांचे म्हणणे बातमीत आले म्हणून रागावू नका. पुष्कळदा अधिकाऱ्यालाही वर पाठवायला छापलेले कात्रण हवे असते.

९. छापून आले नाही तर नाराज होऊ नका. त्या दिवशी मोठे काही घडले असेल. आठ दिवसांनी नवे काही घडले असेल तर ते घेऊन पुन्हा जा. तोच निरोप पुन्हा पाठवू नका.

दोन अवघड प्रश्न

पहिला प्रश्न आपल्याच लोकांचा. सेवा करावी ती या हाताचे त्या हाताला कळू नये अशी, मग ही प्रसिद्धी कशाला? प्रश्न बरोबर आहे. माझ्या पहिल्या प्रेसनोटला तो पुरेपूर लागू होता. आपण काय दिले हे सांगण्यासाठी पेपरात जायचे असेल तर न गेलेले बरे. पण ज्याचे कोणी ऐकत नाही त्याची गोष्ट ऐकणाऱ्यापर्यंत नेणे ही सेवाच आहे. फरक ओळखायची एक सोपी खूण सांगते. बातमीतून मिशनचे नाव काढून टाका. मग उरले तेही छापण्यासारखे असेल, तर पाठवा.

दुसरा प्रश्न बातमीदाराचा. वाडीवर चढताना कधी ना कधी तो विचारतोच, "तुम्ही मिशनवाले, मग इथे धर्मांतर करता का?" चिडू नका आणि टाळूही नका. आपण कोण, पैसे कुठून येतात, काय काम करतो, मदतीला धर्माची अट नाही, हे सरळ सांगा आणि वाडीतल्या माणसांशी त्याला एकट्याला बोलू द्या. मीही तसेच करते. वर पोहोचले की मी झऱ्यावर जाऊन बसते. माझ्यासमोर माणसे माझ्या मर्जीचे बोलतील. गोष्ट त्यांची आहे, ती त्यांनीच सांगावी.

आता वाडीतली दोन पोरे हे माझ्यापेक्षा चांगले करू लागली आहेत. अर्जाची पोच मागतात, फोटो पाठवण्याआधी घरोघर दाखवतात, वार्ताहरांना स्वतः फोन करतात. गेल्या पावसाआधी त्यांनी भेग पुन्हा मोजली आणि मला कळवायच्या आधी तहसीलला कळवली. ज्या बाईचा फोटो छापून आला होता, ती आता कोणता फोटो जाईल ते ठरवते. तिने हो म्हटल्याशिवाय एकही फोटो वाडीबाहेर जात नाही.

तुमच्याकडून

प्रत्येक मंडळीत एका तरी व्यक्तीने आपल्या तालुक्यातल्या एका बातमीदाराची ओळख करून घ्यावी आणि पावसाआधी एका वाडीवर जाऊन यावे. तिथे भेग, गढूळ झरा, कललेले झाड दिसले तर वाडीला अर्ज लिहायला मदत करावी आणि पोच घेईपर्यंत सोबत राहावे. पेपराचे पुढे बघू.

या पावसाळ्यात उतारावरच्या सगळ्या वाड्यांसाठी, तळीयेच्या कुटुंबांसाठी आणि पेट्रोलचा हिशेब न करता चढ चढणाऱ्या त्या झेरॉक्सवाल्या सरांसाठी आपल्या प्रार्थना असू द्या.

आपली सेवेतील बहीण,
महाड-पोलादपूर विभाग